मोती पिकण्याआधी : मोतीबिंदूच्या उपचारांची वाटचाल आणि तळेघर परिसर

जैन आचारधर्मात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली ईर्यासमिती. चालताना पुढची सुमारे चार हात जमीन डोळ्यांनी नीट न्याहाळावी, पायाखाली एखादा जीव येत नाही ना याची खात्री करावी आणि मगच पाऊल टाकावे, असा तिचा अर्थ. साधुसाध्वींसाठी ते व्रत आहे, श्रावक-श्राविकांसाठी संस्कार. अहिंसाव्रताच्या भावनांमध्ये आलोकितपानभोजनाचाही समावेश होतो, म्हणजे अन्नपाणी उजेडात नीट पाहूनच घ्यावे. स्वाध्यायाला तर डोळ्यांवाचून गत्यंतरच नाही. दृष्टी मंदावते तेव्हा माणसाच्या दैनंदिन व्यवहारांबरोबर त्याच्या धर्माचरणालाही बाधा येते, हे यावरून ध्यानात यावे.

दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांमध्ये चक्षुदर्शनावरण प्रथम येते. परंतु कर्मसिद्धान्त माणसाला हातावर हात ठेवून बसायला शिकवत नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चतुर्विध दानांत औषधदानाला जे स्थान मिळाले, त्यामागे दुःखनिवारणासाठी पुरुषार्थ करावा हीच धारणा आहे. धार्मिक संस्थांनी नेत्रशिबिरांसाठी आपली सभागृहे आणि धर्मशाळा खुल्या करण्याची जी परंपरा महाराष्ट्रात दिसते, तिचे मूळ या धारणेत आहे. सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी त्या सेवेमागचा इतिहास समजून घेणे उचित ठरेल, कारण मोतीबिंदूविषयीचे आजचे अनेक समज हे त्या इतिहासाचेच अवशेष आहेत.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, मंचर-घोडेगावकडून भीमाशंकरकडे जाणाऱ्या वाटेवर तळेघर वसले आहे. डिंभे धरणाचा जलाशय मागे टाकून रस्ता चढू लागला की भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि विखुरलेल्या वाड्या दिसू लागतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात धुवांधार पाऊस, उन्हाळ्यात डोंगरउतारावरचे प्रखर ऊन, आणि बांधावरून, ओढ्यातून, दगडगोट्यांतून चालण्याचे नित्याचे काम. अशा ठिकाणी दृष्टी अधू झालेल्या वृद्धाचे जग फार लवकर घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबते. शहरात अंधूक दिसणारा माणूस सपाट रस्त्यावरून काठीच्या आधाराने वावरू शकतो. येथे मात्र खाचराच्या बांधावरून एक पाऊल चुकले तरी खुब्याचे हाड मोडण्याचा प्रसंग येतो.

नावात दडलेला इतिहास

डोळ्याच्या बाहुलीमागे एक नैसर्गिक भिंग असते. ते पारदर्शक असते तोवर प्रकाश आतील पडद्यावर नीट एकवटतो. वयोमानाने या भिंगातील प्रथिनांची रचना बदलते, भिंग गढूळ होऊ लागते आणि प्रकाशाची वाट अडते. यालाच मोतीबिंदू म्हणतात. मधुमेह, डोळ्याला झालेली इजा, स्टिरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर, तंबाखू आणि धूम्रपान, तसेच वर्षानुवर्षांचे तीव्र ऊन यांमुळे तो लवकर येऊ शकतो. क्वचित तो जन्मतःही असतो.

‘मोतीबिंदू’ हे नाव मोठे बोलके आहे. भिंग पूर्ण पांढरे झाले म्हणजे काळ्या बाहुलीत मोत्यासारखा ठिपका दिसतो, त्यावरून ते पडले. पण हा मोती रुग्णाला स्वतःला कधीच दिसत नाही. तो दिसतो समोरच्या माणसाला, तोही आजार शेवटच्या टप्प्यात पोहोचल्यावर. ज्या समाजाकडे आजार ओळखण्याचे दुसरे साधन नव्हते, त्याने दिसेल त्या खुणेवरून नाव ठेवले. परिणामी सुरुवातीच्या अवस्थेला लोकभाषेत नावच राहिले नाही. ‘वयाने कमी दिसते’ एवढ्यावर तिची बोळवण झाली.

इतर भाषांचीही कथा अशीच आहे. अरबी वैद्यकात या विकाराला ‘पाणी उतरणे’ या अर्थाचे नाव होते. मेंदूकडून एक द्रव खाली उतरतो आणि बाहुलीमागे थिजून पडदा धरतो, अशी प्राचीन समजूत होती. युरोपीय भाषांतील प्रचलित शब्दाचा अर्थही ‘धबधबा’ असाच आहे. गढूळ होते ते खुद्द भिंगच, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ब्रिसो आणि मेत्र-जाँ यांनी दाखवून दिली. म्हणजे शस्त्रक्रिया आधी दोन हजार वर्षे चालू होती आणि विकाराचे खरे स्थान मागाहून कळले.

शलाकेचा काळ

या शस्त्रक्रियेचे तपशीलवार वर्णन करणारा प्राचीन ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या विकारावर शलाकेचा प्रयोग सांगितला आहे. फार उष्ण वा फार थंड नसलेल्या ऋतूत रुग्णाला तयार करावे, त्याला स्वतःच्या नाकाकडे पाहावयास सांगावे, रक्तवाहिन्या टाळून जवासारख्या टोकाची शलाका डोळ्यात घालावी, डावा डोळा उजव्या हाताने व उजवा डोळा डाव्या हाताने वेधावा, असा तो विधी आहे. पुढे तुपाचा वापर, पट्टी, उताणे निजणे आणि शिंक, खोकला, ढेकर इत्यादी टाळणे अशी पथ्येही दिली आहेत. भूल नसलेल्या काळातील ही सूक्ष्मता थक्क करणारी आहे.

जैन वैद्यकपरंपरेतही शालाक्याला, म्हणजे डोळे, कान, नाक, घसा यांच्या चिकित्सेला, मानाचे स्थान होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. मद्य, मांस आणि मध यांना वगळून चिकित्सा सांगणारा ग्रंथ म्हणून तो प्रसिद्ध आहे. आपल्या पूर्वसूरींचा निर्देश करताना उग्रादित्यांनी शालाक्यतंत्राचे श्रेय पूज्यपादाचार्यांना दिले आहे. पूज्यपादांचा तो ग्रंथ आज उपलब्ध नसला, तरी नेत्रचिकित्सेचा विचार मुनिपरंपरेत होत होता, याची ही साक्ष आहे. ‘कल्याणकारक’ १९४० साली सोलापूरहून प्रकाशित झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

शलाकेची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. या क्रियेत गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढले जात नसे. ते प्रकाशाच्या वाटेतून बाजूला ढकलून डोळ्याच्या तळाशी पाडले जाई. रुग्णाला त्याच क्षणी उजेड दिसे, बोटे मोजता येत, घरात आनंदीआनंद होई. परंतु पुढे काही दिवसांनी वा महिन्यांनी डोळ्यात दाह होणे, जंतुसंसर्ग होणे किंवा डोळ्याचा दाब वाढणे या उपद्रवांनी अनेकांची दृष्टी कायमची जाई. तोवर गावोगाव फिरणारा शलाका चालवणारा पुढच्या मुक्कामी गेलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवून १९१७ साली तिचे निष्कर्ष मांडले. यशापेक्षा अपयशाचेच पारडे त्यांत जड होते. सुश्रुताने घालून दिलेले पथ्य आणि काळजी गळून पडली व नुसती सुई उरली, असेच त्या अवनतीचे वर्णन करावे लागेल.

या संधिकाळात एका मराठी राजाचे कार्य उठून दिसते. तंजावरचे सरफोजीराजे भोसले दुसरे (१७७७-१८३२) यांना वैद्यकाची मोठी आवड होती. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही चिकित्सापद्धतींचा अभ्यास चाले. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रकारांनी काढलेली रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. उपचारापूर्वी डोळा कसा होता आणि नंतर काय झाले, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त म्हणजेच आधुनिक वैद्यकाचा प्राण होय.

‘पिकू द्या’ हा सल्ला कोठून आला?

१७४७ साली फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल यांनी गढूळ भिंग ढकलण्याऐवजी डोळ्याला छेद देऊन ते बाहेर काढले. आजची शस्त्रक्रिया याच मार्गाने विकसित झाली. मात्र तिच्यात एक अडचण होती. भिंग अर्धवट गढूळ असेल तर त्याचा मऊ, चिकट भाग आत चिकटून राही आणि डोळा सुजे. भिंग पूर्ण पक्व झालेले असले तर ते सुटून येई. म्हणून ‘अजून कच्चा आहे, पिकू द्या’ असा सल्ला वैद्य देऊ लागले. त्या काळी तो योग्यच होता. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे दाखवले आणि शस्त्रक्रियेतील यातना पुष्कळ कमी झाल्या. पंजाबात जालंधर येथे हेन्री स्मिथ यांनी भिंग त्याच्या आवरणासह अखंड काढण्याची पद्धत हजारो रुग्णांवर वापरली. दक्षिण महाराष्ट्रात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाकडे शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण येऊ लागले.

आवरणासह भिंग काढण्याच्या पद्धतीत पिकण्याची गरज तितकी उरली नव्हती. तरीही वाट पाहण्याचे दुसरे कारण निर्माण झाले. भिंग काढलेल्या डोळ्याला सुमारे दहा नंबरचा जाड बहिर्गोल चष्मा लागे. त्यातून वस्तू पाव पटीहून मोठ्या आणि जवळ आल्यासारख्या दिसत, कडेचे दिसत नसे, उंबरठा असेल त्याहून अलीकडे वाटे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसरा चांगला असला, तर दोन डोळ्यांतील प्रतिमांचा मेळच बसत नसे. त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी कामकाज अशक्य होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरे. डोंगराळ भागातील माणसाला तर हा चष्मा फारच जड जाई. तो पडून फुटला की शस्त्रक्रिया होऊनही माणूस पुन्हा आंधळा होई.

हंगामाचे बंधनही याच काळात पक्के झाले. शाळेत, धर्मशाळेत किंवा मंडपात भरणाऱ्या शिबिरांना धूळ, घाम, माश्या आणि पाऊस टाळणे भाग असे. त्यामुळे ती बहुधा हिवाळ्यात, सुगीनंतर होत. रुग्णाला पुष्कळ दिवस पट्टी बांधून निजून राहावे लागे, तेव्हा शेतीची कामे उरकलेली असणेही सोयीचे असे. अशा रीतीने पिकणे आणि हंगाम हे शेतकऱ्याचे दोन शब्द डोळ्याच्या आजाराला चिकटले. तंत्र बदलले, पण शब्द राहिले. आजही घरातील ज्येष्ठ मंडळी ‘पिकला की थंडीत काढू’ असे सहज म्हणून जातात.

भिंगाने घडवलेली क्रांती

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचे कण घुसत. हे कण डोळ्यात राहूनही दाह करीत नाहीत, असे हॅरॉल्ड रिडले या लंडनच्या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले. त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या पदार्थाचे कृत्रिम भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. समव्यावसायिकांचा दीर्घकाळ विरोध सोसल्यानंतर ही कल्पना सर्वमान्य झाली. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दंतवैद्याच्या स्वनातीत उपकरणावरून स्फूर्ती घेऊन, कंपनांनी भिंगाचे बारीक तुकडे करून ते शोषून घेण्याची पद्धत आणली. तीच आजची ‘फेको’ शस्त्रक्रिया.

भारतात या सुधारणा सामान्यांपर्यंत पोहोचण्यास काळ लागला. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८६ ते १९८९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे सुमारे ८० टक्के कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले. परदेशी भिंग महाग असल्याने गरिबांच्या नशिबी जाड चष्माच येत होता. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच स्वस्त भिंगे बनवण्यास प्रारंभ केला आणि हे चित्र पालटू लागले. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यांपैकी एक होता. मंडपातील शस्त्रक्रिया थांबवून गावात केवळ तपासणी आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात, ही पद्धत याच काळात रूढ झाली. शिबिराचे रूप बदलले आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी झाला.

पुणे जिल्ह्याचाही यात महत्त्वाचा वाटा आहे. पुणे अंधजन मंडळाच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर फेको आणि हाताने करावयाची लहान छेदाची शस्त्रक्रिया यांची शास्त्रशुद्ध तुलना केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. चष्म्याविना दिसण्यात फेको काहीशी सरस ठरली, परंतु योग्य चष्मा दिल्यावर दोन्ही पद्धतींतील दृष्टी जवळजवळ सारखीच चांगली होती. महाग यंत्रावाचूनही उत्तम दृष्टी देता येते, हा त्याचा ग्रामीण भारतासाठी मोठा अर्थ होता.

२०१५ ते २०१९ मधील राष्ट्रीय पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. व्याख्या बदलल्यामुळे पूर्वीच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करता येत नाही, तरी प्रगती निःसंशय आहे. मात्र त्याच पाहणीत पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वाचे सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदूच असल्याचे दिसून आले. म्हणजे उपाय हाती असूनही माणसे अंध होत आहेत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते, कारण घरातील वृद्ध स्त्रीचे अंधूक दिसणे ही कोणाला तातडीची बाब वाटत नाही आणि तीही आपणहून बोलत नाही.

सह्याद्रीच्या कुशीत

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे भाग्य असे, की नेत्रसेवेचे एक मोठे केंद्र त्यांच्या अगदी जवळ उभे राहिले. नारायणगाव येथील डॉ. मनोहर डोळे यांनी ग्रामीण व आदिवासी भागातील दृष्टिहीनांच्या सेवेला आयुष्य वाहिले. त्यांच्या प्रतिष्ठानाचे मोहन ठुसे नेत्ररुग्णालय या परिसरातील असंख्य कुटुंबांच्या परिचयाचे आहे. २०२४ साली भारत सरकारने त्यांना वैद्यकक्षेत्रातील कार्यासाठी पद्मश्री देऊन गौरवले. लहानशा गावातून चाललेल्या या सेवेची राष्ट्राने घेतलेली ही दखल होय. राज्यपातळीवर डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यविशारदांनी सरकारी रुग्णालयांतून हजारो गरिबांना दृष्टी दिली. त्यांना २००८ साली पद्मश्री मिळाली.

तळेघरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आणि मंचरला उपजिल्हा रुग्णालय. अंतर आज दुर्लंघ्य राहिलेले नाही. पण अंतर केवळ रस्त्याचे नसते. वृद्धाला नेण्यासाठी घरातील एका माणसाची मजुरी बुडते. भातलावणी, हिरड्याचा हंगाम, लग्नसराई यांतून दिवस सापडत नाही. ‘आता किती दिवस राहिलेत, कशाला खर्च’ असे वृद्ध स्वतःच म्हणतो. या सर्वांवर कडी करते ती ‘अजून पिकला नाही’ ही समजूत.

या परिसरातील लोकांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. हिरड्याचे फळ पूर्ण पिकण्याची वाट न पाहता कोवळेपणीच गोळा करून वाळवले, तर त्या बाळहिरड्याला अधिक भाव मिळतो. वेळ ओळखण्याचे महत्त्व येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. तेच तारतम्य डोळ्याच्या बाबतीत वापरावयाचे आहे.

पहिली चाहूल कशी ओळखावी?

मोतीबिंदू दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि दृष्टी एकदम जात नाही. म्हणूनच तो लपून वाढतो. त्याच्या पहिल्या खुणा बाहुलीत शोधावयाच्या नसून रुग्णाच्या बोलण्यात आणि वागण्यात शोधावयाच्या असतात.

धुरकट काचेतून वा धुक्यातून पाहिल्यासारखे दिसणे ही सर्वांत सामान्य खूण. उन्हात बाहेर पडताच डोळे दिपणे, समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने काहीच न दिसणे, दिव्याभोवती वलय दिसणे, या तक्रारी लवकर सुरू होतात. भिंगाच्या मध्यभागी वा मागील बाजूस गढूळपणा असेल तर भर दुपारी कमी आणि तिन्हीसांजेला बरे दिसते, कारण मंद प्रकाशात बाहुली मोठी होऊन कडेने प्रकाश आत जातो. एक डोळा झाकूनही उरलेल्या डोळ्याने चंद्राच्या दोन-तीन कोरी दिसणे हेही लक्षण असू शकते. रंग पिवळट व फिके वाटतात. पांढऱ्या तांदळातील पांढरा खडा निवडता येत नाही, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा कळत नाहीत.

दोन खुणा विशेष फसव्या आहेत. पहिली म्हणजे चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे. दुसरी त्याहून फसवी. अनेक वर्षे चष्म्याशिवाय वाचता न येणारे आजोबा एकाएकी चष्मा काढून पोथी वाचू लागतात. घरचे आनंदतात, ‘नजर परत आली’ म्हणतात. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट होऊन डोळ्याला लघुदृष्टी आलेली असते, आणि ही सवलत थोड्याच काळाची असते.

घरच्या घरी करावयाची एक साधी परीक्षा प्रत्येकाला शक्य आहे. एकेक डोळा आळीपाळीने झाकून भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे पाहावेत. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याचे उणेपण झाकून टाकतो. त्यामुळे कित्येकांना एका डोळ्याचे अंधत्व वर्षानुवर्षे कळतच नाही.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत गल्लत होऊ नये. काचबिंदूत, पुष्कळदा डोळ्याचा दाब वाढून, दृष्टीची नस खराब होते, आणि गेलेली दृष्टी परत मिळत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी, मागचा पडदा व नस निरोगी असल्यास, परत मिळते. कमी दिसण्याचे कारण या दोहोंपैकी कोणते की मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम, हे तपासणीवाचून कळत नाही. डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला, उलटीची भावना झाली किंवा नजर अचानक गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचारांचे आजचे पर्याय

आरंभीच्या अवस्थेत योग्य नंबरचा चष्मा, वाचताना भरपूर उजेड, उन्हात टोपी वा गॉगल आणि मधुमेहावर नियंत्रण एवढ्याने काही काळ निभावते. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, चूर्ण वा अंजन यांचा परिणाम आजवर सिद्ध झालेला नाही. मध, झाडपाल्याचा रस वा अन्य घरगुती द्रव डोळ्यात घालणे धोक्याचे आहे. कारण त्यातून बुबुळाला जखम आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो.

शस्त्रक्रिया हाच खरा उपाय. ती केव्हा करावी याचे आजचे उत्तर सरळ आहे. रोजची कामे अडू लागली, म्हणजे वाचन, स्वयंपाक, शेतीकाम किंवा एकट्याने चालणे, की वेळ झाली. चाहूल लागताच घाईने शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही, आणि पिकण्याची वाट पाहण्याचेही नाही. उलट, फार पिकलेले भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते, आणि क्वचित त्यातील द्रव झिरपून वा भिंग फुगून डोळ्याचा दाब वाढतो व नसेला कायमची इजा होते. आधुनिक शस्त्रक्रियागृहाला ऋतूचेही बंधन नाही.

लहान छेदाच्या पद्धतीत सहसा टाक्यांची गरज पडत नाही, आणि कठीण, पक्व मोतीबिंदूतही ती उपयुक्त ठरते. फेकोमध्ये छेद आणखी लहान असतो, घडीचे भिंग आत सरकवले जाते आणि डोळा लवकर पूर्ववत होतो. काही ठिकाणी यातील काही टप्पे लेझरने केले जातात. त्याने खर्च वाढतो, सामान्य रुग्णाच्या दृष्टीत मात्र फारसा फरक पडत नाही. भिंगांतही निवड आहे. एककेंद्री भिंगाने दूरचे स्वच्छ दिसते व वाचनाला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. तिरप्या नंबरासाठी टोरिक भिंग मिळते. परवडत नाही म्हणून महाग भिंगाची वाट पाहत अंध राहू नये. साधे एककेंद्री भिंगही उत्तम दृष्टी देते. सरकारी रुग्णालयांत आणि अनेक सेवाभावी संस्थांत ते विनामूल्य बसवले जाते.

हे भिंग कृत्रिम असते. त्यासाठी दुसऱ्या कोणाचा डोळा लागत नाही. नेत्रदान बुबुळासाठी असते, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली व्यक्तीही मरणोत्तर नेत्रदान करू शकते. हे दोन गैरसमज दूर झाले तर औषधदानाइतकेच नेत्रदानालाही बळ मिळेल.

शस्त्रक्रियेनंतर सांगितलेले थेंब काही आठवडे नियमित घालावेत, डोळा चोळू नये, त्यात पाणी वा धूर जाऊ देऊ नये. दुखणे, लाली वा नजर कमी होणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ परत जावे. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले, तर ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजू नये. भिंगामागचे पातळ आवरण गढूळ झालेले असू शकते, आणि लेझरने ते काही मिनिटांत मोकळे होते.

औषधदानाचे नवे रूप

सुश्रुताच्या शलाकेपासून रिडलेच्या भिंगापर्यंतच्या प्रवासात मोतीबिंदूवर मात करणे उत्तरोत्तर सुकर झाले. ज्या काळी शस्त्रक्रियाच दुर्मीळ होती, त्या काळी मंडप घालणे, जेवण देणे, चष्मे वाटणे हे औषधदान होते. आज शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. उणीव आहे ती रुग्ण वेळेवर ओळखण्याची, त्याला सोबत देण्याची आणि नंतरच्या तपासणीला पुन्हा नेण्याची. वर्षातून एकदा घरातील प्रत्येक वृद्धाचा एकेक डोळा झाकून पाहणे, आजीला ‘तुला उन्हात कसे दिसते?’ असे आवर्जून विचारणे, एका शेजाऱ्याची बुडालेली मजुरी भरून देणे आणि दुसऱ्या डोळ्याचीही आठवण ठेवणे, ही आजच्या औषधदानाची रूपे होत.

तळेघरच्या डोंगरवाटेवर एखादी आजी पुन्हा एकटीने बांधावरून चालत जाते, पायाखालची वाट आणि वाटेवरची मुंगी तिला स्वच्छ दिसते, तेव्हा ईर्यासमितीचा आशय तेथे प्रत्यक्षात उतरलेला असतो. त्यासाठी मोती पिकण्याची वाट पाहावयाची नाही, एवढे एक वाक्य घराघरांत पोहोचले तरी सुवर्णमहोत्सवी वर्षातील सेवेचे सार्थक होईल.